जुनी मोहीम, नवे नियम

प्रश्न : मामाकडून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाची १९७९ची 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' ही मोहीम मिळाली. आम्ही पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो. आकडे कसे बदलायचे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आकड्यांच्या फार मागे लागू नका. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी, तितका बचाव भक्कम, आता उलट. १९मधून जुना आकडा वजा केला की काम भागते. गॉब्लिनच्या ६चे १३ होतात. पण २०१४च्या पुस्तकात त्याला थेट १५ दिले आहेत; तेच घ्या.

खरी मेख सोन्यात आहे. तेव्हा लुटीतल्या एका सुवर्णनाण्यामागे एक अनुभवगुण मिळे, म्हणून या मोहिमेतल्या गुहांत खजिना भरपूर. आता तो कमी करा आणि कथेतला टप्पा गाठला की नायकांची पातळी वाढवा.

समोरचा राक्षस बोलेल की लढेल, हे जुन्या नियमांत दोन फाशांवर ठरे. ती पद्धत ठेवाच, नाहीतर पहिल्या पातळीचे नायक पहिल्याच गुहेत गारद होतील.

मोहिमेतल्या गढीच्या जागी तुमच्या सोलापूरचा भुईकोट किल्ला खुशाल आणा, व्यापारी तिथल्याच गड्ड्याच्या यात्रेतले घ्या. गुहांचा नकाशा मात्र बदलू नका. मोहिमेची मजा त्यातच आहे.