पाण्याखालचे घर

मुलांनो, माशाने पाण्यात राहावे आणि माणसाने जमिनीवर, हा सृष्टीचा नियम आहे. परंतु माणसाच्या मनाला तो कधीच पुरता मानवला नाही. पाण्याच्या तळाशी घर करून राहावे, ही हौस त्याला फार जुनी आहे. ती एकदा आमच्या वाशी गावीही कशी उपजली, ते आज सांगतो.

वाशी हे धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटच्या मुलखातील गाव. येथून समुद्र दूर आणि पाऊस बेताचा. खोल पाणी पाहायचे तर विहिरीतच. मी शाळेत असताना एके दिवशी सातवीतील दोन मुले दोनशे लिटरांचे एक जुने लोखंडी पिंप गडगडवीत घेऊन आली.

"गुरुजी, हे पिंप पालथे करून विहिरीत सोडले, तर आत हवा राहील ना? मग आत बसून आम्हांला विहिरीचा तळ पाहता येईल."

त्यांनी भंगारातून सारे साहित्य जमविले होते. बसावयास मोडक्या बाकाची फळी, वजनासाठी बैलगाडीच्या चाकाची धाव आणि श्वासासाठी पिंपाच्या बुडातून थेट वर येणारी एक रबरी नळी, असा त्यांचा बेत होता. मी रागावलो नाही. कल्पना वेडी नव्हती, अपुरी होती. मी म्हणालो, "आधी लहान घर बांधू या."

आम्ही प्लॅस्टिकची पाच लिटरांची एक टाकाऊ, पारदर्शक बरणी घेतली. तिच्या बुडाशी आतून कागदाचा एक बाहुला चिकटविला आणि बरणी पालथी करून पाण्याच्या हौदात सरळ खाली दाबली. वर काढून पाहिली, तो बाहुला कोरडाच! हवा जागा व्यापते. तिला वाट मिळाली नाही, तर ती आपली जागा पाण्याला देत नाही. मुलांना आनंद झाला. परंतु बरणी दाबून धरताना त्यांचे हात भरून आले होते.

"हा भार कोठून आला?" मी विचारले.

बुडालेली वस्तू जितके पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढ्या जोराने पाणी तिला वर लोटते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे दोनशे लिटरांचे पिंप सुमारे दोनशे किलोंच्या जोराने वर येऊ पाहणार. आपला काळा दगड पाण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट जड. पाण्यात त्याचे वजन एक तृतीयांशाने घटते. हिशेब केला, तेव्हा पिंपाचे स्वतःचे वजन धरूनही वर सुमारे पावणेतीनशे किलो दगड लागतील, असे निघाले. धाव बिचारी कोठे पुरणार!

मग हौदात बुचावर एक मेणबत्ती तरंगत ठेवली आणि तिच्यावर बरणी पालथी घातली. थोड्याच वेळात ज्योत मंदावली व विझली. कोंडलेली हवा अशीच माणसालाही पुरत नाही. उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड वायू साठत जातो आणि त्या पिंपात स्वस्थ बसलेल्या माणसालाही अर्ध्या तासात धाप लागू लागेल. म्हणूनच १६९१ साली एडमंड हॅले या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांसाठी लाकडी घंटा केली, तेव्हा तिच्यात ताजी हवा पोचविण्यास हवेने भरलेली पिंपे वजन बांधून खाली सोडण्याची योजना केली.

"पण आमची नळी आहे ना, गुरुजी!" मुले म्हणाली.

हाच खरा प्रश्न होता. बरणीच्या बुडाला भोक पाडून नळी बसविली आणि सांध्याला मेण लावले. एका मुलाने नळीचे वरचे टोक बोटाने घट्ट दाबले, तोवर बाहुला कोरडा राहिला. मग मी म्हणालो, "आता बोट काढ." त्याने बोट काढले. फुस्स असा आवाज झाला, आतील दाबलेली हवा नळीवाटे वर निघून गेली आणि पाणी भराभर चढून बाहुल्याच्या डोक्यावरून गेले.

दोघेही गप्प झाले. ज्या नळीवर त्यांनी आपला श्वास सोपविला होता, तिनेच त्यांचे घर बुडविले होते.

त्यानंतर आम्ही त्याच नळीला सायकलचा पंप जोडला. हवा आत गेली, पाणी खाली सरले व जास्तीची हवा बुडबुड्यांनी बाहेर पडली. पाण्याखालच्या घराला हवा वरून नुसती मिळत नाही. ती दाबून पोचवावी लागते. १९६२ साली फ्रान्सच्या मार्सेय बंदराजवळ झाक कूस्तो यांनी समुद्रात दहा मीटर खोलीवर पोलादी घर ठेवले, तेव्हाही वरच्या लोकांनी यंत्राने हवा पुरविली. आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोघे तेथे एक आठवडा राहिले. त्या नळकांड्यासारख्या घराला त्यांनी डायोजिनिसचे नाव दिले होते. हा ग्रीक तत्त्वज्ञ रांजणात राहत असे, अशी कथा आहे. खाली दोन माणसे राहत होती खरी. पण ती जगत होती वर जागणाऱ्या अनेकांच्या दक्षतेवर.

मुलांनी पिंप विहिरीत सोडले नाही. ते स्वच्छ करून त्यांनी शाळेच्या पन्हाळीखाली ठेवले आणि पहिल्या पावसात ते भरून वाहू लागले. बरणीतला नवा बाहुला मात्र पुष्कळ दिवस हौदात राहत होता, आणि रोज मधल्या सुट्टीत त्याला हवा देण्यास कोणी ना कोणी पंप घेऊन हजर असे.

मुलांनो, साहस अवश्य करावे. परंतु ज्यात जीव घालावयाचा, त्यात आधी बाहुला घालून पाहावा.

स्वाध्याय

१. बरणी पाण्यात दाबली, तरी बाहुला कोरडा का राहिला?
२. नळीवरचे बोट काढताच काय झाले? त्याचे कारण लिहा.
३. 'कल्पना वेडी नव्हती, अपुरी होती' असे गुरुजी का म्हणतात?
४. एखाद्या टाकाऊ वस्तूचा तुम्ही कसा उपयोग केला, ते दहा ओळींत लिहा.