सिग्नलवाल्यांचं पिस्तूल

अ‍ॅक्रन, ओहायो
रविवार रात्र

चि. मुक्ता,

तू पाठवलेले पिस्तुलाचे नऊ फोटो मिळाले. मामी झोपल्यावर मोठ्या पडद्यावर एकेक उघडून, भिंग लावल्यासारखे पाहिले. फोनवर तू इतक्या घाईत होतीस की "मामा, हे सुटायला नको" यापलीकडे मला फारसं काही कळलं नाही. म्हणून हे पत्र.

तुला हे पिस्तूल का हवंय ते मला ठाऊक आहे. युनियन स्विच अँड सिग्नल ही पिट्सबर्गला लागून असलेल्या स्विसवेलची कंपनी. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८८१ साली काढली, धंदा रेल्वेच्या सिग्नलांचा. युद्ध आलं तसं लष्कराने तिच्याकडून १९४३ साली ५५,००० पिस्तुलं करून घेतली. त्याआधी तिने पिस्तूल केलं नव्हतं, नंतरही केलं नाही. तू सिग्नलमध्ये, भाऊजींची अख्खी नोकरी भुसावळच्या सिग्नल खात्यात गेली. म्हणजे हे घरचंच प्रकरण झालं. पण विकणाऱ्यालाही हे तू पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलंस, हो ना? तुझा चेहरा मला माहीत आहे.

हे मॉडेल १९११ ए-१, पॉइंट ४५ चं. मूळ रचना जॉन ब्राउनिंगची, लष्कराने १९११ साली स्वीकारलेली, पुढे विसाच्या दशकात थोडी सुधारलेली. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १९ लाख नग बनले. सर्वांत जास्त रेमिंग्टन रँडने, म्हणजे टाइपरायटरवाल्यांनी, सिरॅक्यूजला. मग हार्टफर्डची कोल्ट, मग इथाकाची बंदूक कंपनी, आणि शेवटी तुझे सिग्नलवाले. आता यातली गोम ऐक. जर्मन पिस्तुलांवर एकच नंबर दोन-तीन भागांवर मारलेला असतो, त्यामुळे अदलाबदल चटकन पकडता येते. या अमेरिकन पिस्तुलाचा नंबर फक्त फ्रेमवर असतो. स्लाइडवर नाही, बॅरलवर नाही. कारण मागणीच अशी होती की कुठल्याही कारखान्याचा भाग दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलात बसलाच पाहिजे. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. चार शहरांतल्या कारखान्यांनी गेजच्या जोरावर हे जमवलं. पण संग्राहकाच्या दृष्टीने ही डोकेदुखी आहे. कोण कुणाचं, हे नंबर सांगत नाही; बाकी सगळं वाचून तुला ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट. १९४५ नंतर लष्कराने या जातीचं नवं पिस्तूल विकत घेतलंच नाही. आणि १९८५ साली बेरेटा येईपर्यंत हेच वापरलं. चाळीस वर्षं जुन्याच मालावर काढायची म्हणजे काय करावं लागलं असेल? शस्त्रागारांत ढिगाने पिस्तुलं उघडायची, भाग वेगवेगळ्या खोक्यांत टाकायचे, धुवायचे, पुन्हा रंगवायचे, गेजमध्ये बसतील ते उचलून जोडायचे. त्यामुळे आज बाजारात दिसणारं बहुतेक पिस्तूल चार घरचं असतं. यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो अशा पिस्तुलाला 'कारखान्यातून आलं तसं' म्हणून त्या भावात विकण्यात.

आता तुझे फोटो.

तिसऱ्या फोटोत फ्रेमची उजवी बाजू आहे. 'युनायटेड स्टेट्स प्रॉपर्टी' हे शब्द आणि खाली नंबर, १०५८ ने सुरू होणारा सात आकडी. स्विसवेलला मिळालेली नंबरांची पट्टी १०,४१,४०५ पासून १०,९६,४०४ पर्यंत. म्हणजे फ्रेम त्यांच्या पट्टीत बसते. चौथ्या फोटोत डाव्या बाजूला, स्लाइड अडवणाऱ्या खटक्याच्या खाली, 'आरसीडी' अशी अक्षरं आहेत. ही कर्नल रॉबर्ट डाउनी यांची आद्याक्षरं. स्विसवेलच्या मालावर त्यांच्याच नावाने लष्कराची मंजुरी पडे. रेमिंग्टन रँड आणि इथाका यांच्या फ्रेमवर त्या जागी 'एफजेए' दिसतं, फ्रँक अ‍ॅटवुड यांचं. तेव्हा फ्रेम सिग्नलवाल्यांची, यात मला शंका नाही. इथवर तू खूश होशील.

पण स्लाइडवर काय लिहिलंय? रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज. तू हे पाहिलंस आणि "युद्धात असं व्हायचं" हे विक्रेत्याचं वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलंस. आघाडीवर तसं व्हायचं, खरं आहे. दोन सैनिकांनी पिस्तुलं एकत्र साफ केली आणि स्लाइडी बदलल्या, हे अगदी शक्य आहे. म्हणून एवढ्यावर मी त्याला खोटा ठरवला नसता. तू सहावा फोटो काढलास ते बरं केलंस. स्लाइड मागे ओढल्यावर बॅरलच्या बाजूला आकडे दिसतात: ७७९११९३. हा भागाच्या ड्रॉइंगचा नंबर आहे, आणि असे सात आकडी नंबर टाकलेल्या बॅरली युद्धानंतरच्या. युद्धातल्या स्विसवेलच्या पिस्तुलात बहुधा 'एचएस' असा छाप असतो, हाय स्टँडर्ड कंपनीचा, कारण बॅरली ते त्यांच्याकडून घेत.

आणि सातव्या फोटोत चापाच्या मागे फ्रेमवर बारीक अक्षरं: 'आरआयए', खाली 'ईबी'. रॉक आयलंड आर्सेनल, इलिनॉय, आणि तिथल्या तपासनिसाची आद्याक्षरं. पिस्तूल तिथे उघडून नव्याने बांधल्याची ही पावती. विक्रेता सांगतो की आजोबांनी १९४५ साली नॉर्मंडीहून बॅगेतून घरी आणलं आणि तेव्हापासून कुणी हात लावला नाही. मग रॉक आयलंडला ते कधी गेलं? युद्धानंतरची बॅरल आजोबांच्या कपाटात शिरली कशी? आजोबा असतील, नॉर्मंडीही खरी असेल. पण हे पिस्तूल त्या गोष्टीतलं नाही. तो मुद्दाम थापा मारतोय असंही मी म्हणत नाही. घराण्यात सांगोवांगी चालत आलेल्या गोष्टी बहुधा अशाच असतात. आपल्याकडे नाही का, दर दुसऱ्या घरात पानिपतावरून आलेली एक तलवार असते.

रंगाचंही बघ. स्विसवेलचा मूळ रंग म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेल्या पोलादावर चढवलेलं काळपट निळं ब्लूइंग. तुझ्या फोटोतला रंग राखाडी, किंचित हिरवट. ते पार्करायझिंग, म्हणजे आपण चिंचवडला ज्याला फॉस्फेटिंग म्हणायचो ते. रॉक आयलंडच्या शिक्क्याशी हे तंतोतंत जुळतं. शस्त्रागाराने दिलेला रंग मला चालतो, तो पिस्तुलाच्या नोकरीचाच भाग. गॅरेजमध्ये बसून विकण्यापुरता दिलेला रंग चालत नाही. दोन्हींत फरक कसा करायचा? अक्षरांच्या कडा पाहा. छाप मारताना धातू किंचित वर उचलला जातो, नखाला लागतो. कुणी बफ लावून घासलं की ती कड जाते, अक्षरं उथळ होतात, खिळ्यांच्या भोकांची तोंडं नरसाळ्यासारखी पसरट होतात, सपाट बाजूंवर उजेड लाटेसारखा हलतो. ही परीक्षा फोटोत होत नाही. टॉर्च आडवी धरून हातातच बघायला हवं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. बारा वर्षांपूर्वी मी एक कोल्ट घेतलं. नंबर १९४३ चा, रंग असा निळाशार की त्यात चष्मा दिसावा. घरी आणून मामीला दाखवलं, ती म्हणाली, "नवं दिसतंय." मी हसलो. महिन्याभराने कळलं की कोल्टने लष्करी पिस्तुलांचं चकचकीत ब्लूइंग १९४१ मध्येच सोडून पार्करायझिंग धरलं होतं. मामीचं बरोबर होतं. विकणारा जुना ओळखीचा, त्याच्याकडे परत गेलो नाही, लाज वाटली. ते अजून कपाटात आहे. तू आलीस की दाखवतो, बफ मारलेलं पोलाद कसं दिसतं ते शिकायला त्याच्याइतका उत्तम नमुना नाही.

आणखी एक, कारण पुढे कुणीतरी तुला हे दाखवणारच. आजीच्या माजघरातलं सिंगरचं मशीन आठवतं ना, सोनेरी नक्षीचं? त्या सिंगर कंपनीनेही हे पिस्तूल केलं होतं. फक्त ५०० नग, नंबर एस-८००००१ ते एस-८००५००. त्यामुळे संग्राहक त्यासाठी वेडे होतात, आणि त्यामुळेच साध्या स्लाइडवर ते नाव नव्याने कोरणारे कारागीरही आहेत. स्वस्तात सिंगर दिसलं तर कौतुकाने बघ आणि पुढे चालू लाग.

हातात घेतल्यावर पहिल्यांदा मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, आणि चेंबरमध्ये डोळ्याने बघ, करंगळीनेही चाचप. विक्रेता "रिकामं आहे" म्हणाला तरी. तोंड कायम जमिनीकडे. उघडायची आधी परवानगी माग. नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच. नळीतून उजेड पाडून बघ: त्या काळच्या बहुतेक लष्करी काडतुसांची टोपी गंज आणणारी असे, साफ केली नाही तर नळीत आणि स्लाइडच्या आतल्या तोंडावर खड्डे पडत. स्लाइडच्या खिडकीच्या कोपऱ्यात आणि फ्रेमच्या पुढच्या पातळ भागात केसासारखी चीर आहे का ते भिंगाने शोध. मग घोडा चढवून अंगठ्याचा खटका वर कर, चाप दाब. घोडा पडता कामा नये, आणि खटका खाली करतानाही पडता कामा नये. मुठीमागची पट्टी न दाबता चाप ओढला तरीही नाही. मुठीच्या प्लॅस्टिक पट्ट्या आणि मॅगझिन यांच्यावर वेळ घालवू नकोस, ते कुठेही मिळतं. घेतल्यावरही गनस्मिथने पाहिल्याशिवाय त्यातून एकही गोळी झाडायची नाही.

कायद्याचं थोडक्यात. तुझं ग्रीन कार्ड झालं म्हणून हे बोलणं तरी शक्य आहे. एच-१ वर असतीस तर मी विषयच काढू दिला नसता. ओहायोतला विक्रेता तुझ्यासारख्या पेन्सिल्व्हेनियातल्या माणसाच्या हातात हँडगन देऊन वाटेला लावू शकत नाही. ती तुझ्या गावच्या परवानाधारक दुकानात जाणार, तिथे तू फॉर्म भरणार, तपासणी होणार, मग तुझी. "मामाच्या नावावर घेऊ, मग बघू" हे तू फोनवर म्हणालीस, ते पुन्हा म्हणू नकोस. तो फॉर्मवरचा खोटेपणा आहे, आणि इथे त्याला तुरुंग आहे. पुढे हा छंद टिकला तर संग्राहकांचा वेगळा फेडरल परवाना असतो, पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी. त्याचं नंतर बोलू.

घ्यायचं का, हे तू विचारलंस. तो जो भाव सांगतोय तो स्विसवेलची फ्रेम, स्विसवेलची स्लाइड, मूळ बॅरल, मूळ रंग यांचा आहे. यातलं फ्रेम सोडून इथे काही नाही. त्या भावात घेऊ नकोस. शस्त्रागारात बांधलेल्या मिश्र पिस्तुलाच्या भावात देत असेल तर मात्र मी आनंदाने घे म्हणेन. सरकारने २०१८ पासून नागरी नेमबाजी कार्यक्रमातून जी जुनी १९११ विकली तीही बहुतेक अशीच, चार घरची. त्यांचे भाव बघून ये, म्हणजे बोलताना पाय जमिनीवर राहतील. आणि पुढेमागे स्विसवेलची सुटी स्लाइड मिळाली तर ती यावर चढवून 'जुळवायचा' मोह होईल. तो आवर, रेमिंग्टनचीच राहू दे. रॉक आयलंडच्या माणसाने ती तिथे बसवली, त्याचं काम पुसायचा आपल्याला काय अधिकार?

शनिवारी सकाळी इकडे ये. मोठी टॉर्च माझ्याकडे आहे, भिंग तू आण, माझं हरवलंय. दहाला निघू. विक्रेत्याशी मी बोलेन, तू फक्त बघ. सिग्नल हा शब्द तोंडातून काढू नकोस. ताईला अजून काही सांगितलेलं नाहीस असं गृहीत धरतो. आधी कुलपाची लोखंडी पेटी घे, ती घरात आली की मगच तिला फोन कर. मी शेजारी बसतो.

तुझा,
श्रीधरमामा