इओसिनोफिल : मरण लांबलेल्या पेशी

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेल्या रोहिणखेड व आसपासच्या खेड्यांत कपाशीची वेचणी आणि पुढे हरभरा-गव्हाची मळणी सुरू झाली, की धूळ आणि भुसा श्वासाबरोबर छातीत जातो. दम, शिंका आणि रात्रीचा खोकला घेऊन येणाऱ्या रुग्णाच्या हाती पुष्कळदा रक्ततपासणीचा कागद असतो. सोबतचा नातेवाईक सांगतो, "डॉक्टरसाहेब, इस्नोफिलिया झाला आहे." वस्तुतः हे रोगाचे नाव नव्हे, ती एका पांढऱ्या रक्तपेशीची वाढलेली संख्या आहे. ही पेशी वाढते कशी, याहीपेक्षा ती वेळेवर मरत का नाही, हे समजून घेतल्यास दम्याच्या उपचाराचे मर्म ध्यानात येते.

जर्मन वैद्यक पॉल एर्लिख यांनी १८७९ साली इओसिन या तांबूस रंगाने उठून दिसणाऱ्या या पेशीचे वर्णन केले व तिला इओसिनोफिल हे नाव दिले. अस्थिमज्जेत जन्मून ती काही तास रक्तात फिरते आणि मग ऊतींमध्ये शिरते. प्रयोगशाळेतील पात्रात तिला एकटी ठेवली तर दोन ते चार दिवसांत ती आपणहून मरते. हा मृत्यू शिस्तीचा असतो : पेशी आक्रसते, आतील दारूगोळा बाहेर न सांडता तिचे तुकडे होतात व भक्षकपेशी ते गिळून टाकतात.

त्याच पात्रात इंटरल्युकिन-५ हे प्रथिन घातले की तीच पेशी आठवडा-दोन आठवडे जगते. ॲलर्जीने सुजलेल्या श्वासनलिकेत लसिकापेशी हेच प्रथिन सतत स्रवत असतात. ते इओसिनोफिलच्या पृष्ठभागावरील ग्राहीला कुलपात किल्ली बसावी तसे बसते. आत जॅक-२ हे विकर जागे होते. ते स्टॅट-५ या प्रथिनाला पेशीकेंद्राकडे धाडते आणि तेथून मृत्यूला अडवणाऱ्या प्रथिनांच्या निर्मितीची आज्ञा सुटते. ही रक्षक प्रथिने बॅक्स नावाच्या मारक प्रथिनाला तंतुकणिकांचे आवरण भेदू देत नाहीत. संदेश थांबला की रक्षक ओसरतात, बॅक्स मोकळे होते आणि पेशी मरते. या पेशीला जगण्यासाठी रोज परवाना लागतो, मरण्यासाठी नाही. परवाना मिळत राहिला की पेशी साचतात आणि त्यांच्या कणांतील विषारी प्रथिने श्वासनलिकेचे अस्तर सोलून काढतात.

श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉईड पंपाचे काम येथेच आहे. ते औषध लसिकापेशींतील इंटरल्युकिन-५ची निर्मिती दाबते, म्हणजे परवानाच बंद करते. शिवाय इओसिनोफिलला थेट मृत्यूकडे ढकलते. परंतु हे काम दिवसांचे आणि आठवड्यांचे असते. दम कमी वाटताच पंप कपाटात ठेवणारी कुटुंबे आम्ही नेहमी पाहतो. धूळ, परागकण चालूच असतात. परवाने पुन्हा सुटू लागतात आणि पुढच्या मळणीला रुग्ण मध्यरात्री प्राणवायू लावण्यासाठी आणावा लागतो. "स्टेरॉईडची सवय लागते" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण गोळ्यांचे दीर्घकालीन दुष्परिणाम खरेच असतात. मात्र पंपातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतील मिलिग्रॅममध्ये. पंपानंतर चूळ भरावी, एवढे पथ्य पुरते.

तथापि प्रत्येक वाढलेला इओसिनोफिल दम्याचा नसतो. आंध्र प्रदेशातील मदनपल्ली येथील क्षयरोग आरोग्यधामात फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० साली क्षयासारख्या भासणाऱ्या, पण या पेशी वाढलेल्या विकाराचे वर्णन केले. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' म्हटले. पुढे उलगडले की त्यामागे हत्तीरोगाच्या जंतांविरुद्धची तीव्र प्रतिक्रिया असते. विदर्भाच्या पूर्व जिल्ह्यांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून होता व सेवाग्रामच्या संस्थेत त्यावर संशोधनही झाले. अशा रुग्णाच्या रक्तात एका घनमिलिमीटरमागे तीन हजारांहून अधिक इओसिनोफिल आढळतात (निरोगी माणसात पाचशेच्या आत) आणि त्याला डायइथिलकार्बामाझिन लागते. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या कातडीतून शिरणारा स्ट्राँगिलॉइडिस हा जंत तर अधिक घातक : तो पोटात असताना स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या तर तो शरीरभर फैलावून जीवावर बेतू शकते. म्हणून केवळ रक्ताचा कागद पाहून गोळ्या सुरू करणे आम्हास मान्य नाही. शौचाची तपासणी ही स्वस्त, परंतु रुग्ण सर्वांत जास्त टाळतात ती तपासणी होय.

काही थोड्या रुग्णांत इंटरल्युकिन-५ इतके असते की स्टेरॉईडचा धक्काही ते परतवते. अशांसाठी या प्रथिनालाच पकडणारे मेपोलिझुमॅब अमेरिकेत २०१५ साली मान्य झाले. २०१७ मध्ये आलेले बेन्रालिझुमॅब ग्राहीला चिकटून इओसिनोफिलचा नाश घडवते. दोन्ही इंजेक्शने सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहेत. सुदैवाने बहुसंख्य रुग्णांना त्यांची गरज पडत नाही. नियमित पंप आणि तो ओढण्याची बरोबर पद्धत त्यांना पुरते. म्हणून पहिल्या भेटीत औषध लिहून देण्याआधी आम्ही रुग्णाला आणि घरातील एका माणसाला पंप हाती देऊन, समोर बसवून, श्वास ओढून दाखवायला सांगतो.