आधी खाट, मग शहर

बारावीचा निकाल लागला की बीड जिल्ह्यातल्या घरांत वाद पेटतो तो शहराच्या नावावरून. मामा म्हणतात पुणे, वडील म्हणतात संभाजीनगरच्या पुढे नको, आईचं म्हणणं असतं की अंबाजोगाईत काय कमी आहे. शहर ठरलं की शाखा, शाखेनंतर कॉलेज. राहायचं कुठं हा प्रश्न फी भरून झाल्यावर, वर्ग सुरू व्हायला आठवडा उरलेला असताना, कुणा ओळखीच्याला फोन लावून सोडवला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. हवा तो अभ्यासक्रम जवळपास नसेल आणि जिथं तो आहे तिथं हक्काची खाट मिळत असेल, तर मुलाला किंवा मुलीला बेलाशक पाठवावं. खाट नसेल तर शहराचं नाव कितीही मोठं असो, दहादा विचार करावा.

अभ्यासक्रमाचा भाग तुलनेनं सोपा आहे. साधी बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करायची असेल तर केवळ त्यासाठी जिल्हा सोडण्यात फारसा अर्थ नाही. बीडचं बलभीम, अंबाजोगाईचं योगेश्वरी, परळीचं वैद्यनाथ ही महाविद्यालयं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठालाच जोडलेली आहेत. पदवी इथं चांगल्या गुणांनी घेऊन पुढे विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागात जाणं हा अनेकांसाठी अधिक शहाणपणाचा रस्ता ठरतो, कारण तेव्हा वय वाढलेलं असतं, विषय पक्का झालेला असतो आणि विभागासोबत आवारातल्या वसतिगृहासाठीही अर्ज करता येतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांचं गणित मात्र वेगळं आहे. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे, म्हणून तिथली जागा अंबाजोगाईच्या मुलाला मिळेल असं नाही. वैद्यकीय प्रवेशातलं ७०:३० चं प्रादेशिक सूत्र राज्य सरकारनं २०२० मध्ये रद्द केलं. तेव्हापासून नीटच्या राज्य यादीत केजचा मुलगा गोंदियाला जाऊ शकतो आणि गोंदियाचा अंबाजोगाईला येऊ शकतो. म्हणजे जायचं की नाही हे बऱ्याचदा घरच्यांच्या हातात उरतच नाही, क्रमांकच ते ठरवतो.

अभियांत्रिकीची कट-ऑफ यादी उघडून बसलेल्या पालकांनी रकान्यांच्या नावातलं शेवटचं अक्षर बघावं. तिथं एच, ओ किंवा एस असतं: होम युनिव्हर्सिटी, त्याबाहेरची आणि राज्यस्तर. एकाच शाखेचा कट-ऑफ या तीन रकान्यांत वेगवेगळा असू शकतो, आणि होम युनिव्हर्सिटी सर्वसाधारणपणे ठरते ती बारावी कुठून केली यावरून, गावावरून नव्हे. बीडचा जो मुलगा अकरावी-बारावीला ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला गेला, त्याचं होम विद्यापीठ नांदेडचं धरलं जातं, कारण लातूर जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. दोन वर्षांपूर्वी शिकवणीसाठी घेतलेला निर्णय आता पदवीच्या प्रवेशात असा डोकावतो. त्या-त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचल्याशिवाय पसंतीक्रम भरू नये. शिवाय ‘बाहेरचं विद्यापीठ’ म्हणजे लांबचंच असतं असंही नाही. आष्टीकरांना अहिल्यानगर जवळ पडतं आणि ते पुणे विद्यापीठात मोडतं. अंबाजोगाई-परळीकरांना लातूर जवळ, ते नांदेडच्या विद्यापीठात. आपलं म्हणवणारं संभाजीनगर या दोघांनाही त्याहून दूर आहे.

आता मूळ मुद्दा, वसतिगृहाचा. त्याला मी इतकं महत्त्व का देतो? कारण मराठवाड्यातला उच्चशिक्षणाचा इतिहासच मुळात घर सोडून वसतिगृहात राहिलेल्या मुलांचा आहे. १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ निघेपर्यंत या भागाचं विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया होतं. १९३८ मध्ये तिथल्या वसतिगृहातली मुलं ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकली गेली, त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं, आणि पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात त्यांतले कितीतरी जण दिसले. १९५० साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत जे कॉलेज सुरू केलं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं, त्यात खेड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्याची सोय हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. पश्चिम महाराष्ट्रात शाहू महाराज आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही शाळेच्या जोडीनं बोर्डिंगचाच आग्रह धरला. ही सगळी माणसं भोळी नव्हती. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या पोराला वर्गातल्या तासांइतकीच गरज असते ती रात्री अकरा वाजता शेजारच्या खोलीत गणित समजावून सांगणाऱ्या सीनियरची, चालत जाता येईल अशा ग्रंथालयाची, कुठला अर्ज कधी भरायचा हे बोलता बोलता कळण्याची. ज्यांच्या घरात दोन पिढ्या पदवीधर आहेत त्यांना हे जेवणाच्या ताटावर मिळतं. बाकीच्यांना ते वसतिगृहात मिळतं, किंवा मिळतच नाही.

म्हणूनच पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं, कॉलेज दोन बस बदलून, मेसचा डबा आणि संध्याकाळी दमून झोप, अशी चार वर्षं काढणारा विद्यार्थी कागदावर मोठ्या शहरात शिकतो, पण त्या शहरातलं त्याच्या वाट्याला फार थोडं येतं. यावर पालकांचा आक्षेप रास्त असतो: वसतिगृह मिळालं नाही तर काय, जागाच सोडायची? नाही. पण मग खोलीचा खर्च प्रवेशाआधी मांडायचा आणि त्यासाठी सरकारी योजनेचा आधार आहे का ते बघायचं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात: भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आहे, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वंजारी समाजाच्या घरांनी ही शेवटची योजना विशेष वाचावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. यातली मेख अशी की स्वाधारसारख्या योजनांत विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा लागतो. घर सोडणाऱ्यासाठीच त्या आहेत. मात्र २० हजारांचे महिने पाडले तर भाड्याला महिना सतराशेही पुरते येत नाहीत, आणि रक्कम सत्राच्या सुरुवातीलाच हातात पडेल असं धरून चालू नये. तेव्हा हा आधार खरा, पण वसतिगृहाची बरोबरी त्यानं होत नाही.

‘घरी राहिला तर निदान खाण्या-राहण्याचा खर्च तरी वाचेल,’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. नोकरदाराच्या घरात ते बरोबर आहे. पण या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी माणसं लाखांच्या घरात आहेत. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी निघाली की आई-बाप सांगली-कोल्हापूरला नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या फडात, ते थेट उन्हाळा लागेपर्यंत. म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली की घर रिकामं. मागे म्हातारी आजी, शेरडं, धाकटी भावंडं आणि सगळ्यांची चूल ओढणारं कॉलेजचं पोर. याला ‘घरी राहून शिकणं’ कसं म्हणायचं? अशा घरासाठी वसतिगृह ही चैन नसून मुलाच्या डोक्यावरचं एकमेव स्थिर छप्पर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली ती याच कारणासाठी. पैशाचा मेळही उलटा आहे, हे जाता जाता सांगायला हवं: फी भरायची असते जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा गेल्या हंगामाची कमाई संपलेली असते. फीसाठी वाढीव उचल घेतली तर ती पुढच्या हंगामात अंगावर येते. त्याऐवजी शिष्यवृत्तीचे आणि जात वैधता, नॉन-क्रिमीलेयरचे कागद बारावीचं वर्ष चालू असतानाच तयार ठेवणं कितीतरी स्वस्त पडतं.

सर्वांत मोठा आक्षेप मुलींच्या बाबतीत येतो, आणि तो सहसा मोठ्यानं बोलला जात नाही. ‘काळ बरा नाही’ एवढंच म्हटलं जातं. सुरक्षिततेची काळजी खोटी नाही. पण तोलायचं तर दोन्ही पारडी बघावी लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. राज्याचं प्रमाण याच्या निम्मं, २२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ‘घरी ठेवली तर सुरक्षित’ हे गृहीतक याच जिल्ह्यातले आकडे खोडून काढतात. शिकणाऱ्या मुलीचं नाव वसतिगृहाच्या वहीत असलं की लग्नाची बोलणी पुढे ढकलायला आईलाही कारण सापडतं. फीची सबबही आता दुबळी झाली आहे: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी विद्यापीठांना ही माफी लागू नाही, म्हणून चकचकीत जाहिरात बघून कॅप सोडण्याआधी थांबावं. काळजी असेल तर कॉलेजची इमारत नंतर बघा, आधी मुलींचं वसतिगृह बघा. रेक्टर तिथंच राहतात का, रात्री दवाखान्याची सोय काय, दाराशी कोण असतं, हे प्रश्न विचारायला संकोच कशाला?

एक प्रकार मात्र मला अजिबात पटत नाही. नाव जिल्ह्यातल्या कॉलेजात, हजेरी नावापुरती, आणि मुक्काम पुण्याच्या पेठेतल्या अभ्यासिकेत, एमपीएससीसाठी. यात बाहेरगावचा सगळा खर्च होतो आणि विद्यापीठ एकही मिळत नाही, ना इथलं ना तिथलं. जागा मोजक्या असलेल्या परीक्षेवर विशीतली वर्षं लावायचीच असतील तर पदवी तरी खरी करा. वर्गात बसून, विषय शिकून.

२०२५ पर्यंत बीडला रेल्वे नव्हती. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला आणि गाडी बीडपर्यंत पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. पोर दूर गेलं की सणाला येणंही अवघड, ही भीती त्या काळाची आहे आणि ती हळूहळू कमी होईल. वसतिगृहाच्या खाटा मात्र आपोआप वाढणार नाहीत, आणि त्यांचे अर्ज बहुधा प्रवेशाच्या धामधुमीतच येऊन जातात. म्हणून यंदा कॅपचा पसंतीक्रम भरायला बसाल, तेव्हा यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या नावापुढे एक जास्तीचा रकाना आखा, वसतिगृहात जागा किती आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती ते त्या कॉलेजला फोन करून विचारा, आणि तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म लॉक करू नका.