गोगलगायीचे फार्म : पाळणाऱ्याकडून घ्यायचा धडा



२०२२ सालचा खरीप कोणी विसरलेले नाही. लातूर, बीड, धाराशिव भागात कोवळे सोयाबीन गोगलगायींनी रातोरात फस्त केले. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण त्या वर्षी चांगलीच पटली.

फ्रान्समध्ये मात्र गोगलगाय मुद्दाम पाळतात आणि चवीने खातात. तिकडची शेती पाहताना असे एक फार्म आम्ही पाहिले. जात वेगळी, पण स्वभाव तोच. म्हणून तिथले काम थोडक्यात सांगतो.

तिथे 'ग्रो-ग्री', म्हणजे 'मोठी करडी' ही जात पाळतात. बरगंडीची नावाजलेली गोगलगाय वाढायला दोन-तीन वर्षे घेते. ही चार-पाच महिन्यांत तयार होते. नर-मादी एकाच अंगात असल्याने प्रत्येक गोगलगाय अंडी घालते. मातीच्या कुंडीत एका वेळी शंभराच्या आसपास अंडी पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत पिल्ले निघतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती बाहेरच्या वाफ्यांत सोडतात. वाफ्यात लाकडी फळ्या मांडलेल्या असतात. दिवसभर गोगलगायी फळीखाली चिकटून बसतात. संध्याकाळी पाण्याचा फवारा मारला की बाहेर येऊन खातात. खाद्य धान्याच्या पिठाचे, त्यात शंखासाठी भरपूर चुना. पळून जाऊ नयेत म्हणून कडेला जाळी आणि सौम्य विजेची तार.

तयार माल काही दिवस उपाशी ठेवून उकडतात, शंखातून काढतात आणि लसूण-लोणी घालून विकतात. बरेच पाळणारे हे सर्व स्वतःच करतात. नुसता ऊस न विकता साखर करून विकावी, तसाच हा हिशोब.

मग हा जोडधंदा आपण करावा काय? आमचे मत स्पष्ट आहे : करू नये. आपल्या भागात त्याला गिऱ्हाईक नाही आणि बाहेरची जात सुटली तर आवरत नाही. १८४७ साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आफ्रिकन शंखी गोगलगाय कलकत्त्यास आणली. तिथे ती बागेत सुटली आणि आज देशभर पिके खाते आहे.

पण पाळणाऱ्याची युक्ती आपल्या कामाची आहे. तो जे देतो, तेच आपण हेरायचे.

१) तो फळी देतो, आपण सापळा लावू. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सूर्यास्ताच्या सुमारास शेतात टाकावीत. सकाळी लवकर त्याखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात.

२) तो कुंपण घालतो आतल्या बाहेर जाऊ नयेत म्हणून, आपण बाहेरच्या आत येऊ नयेत म्हणून बांधाकडेने चुन्याचा चार इंची पट्टा ओढावा. पावसाने धुपला की पुन्हा ओढावा.

३) तो अंडी जपतो, आपण ती शोधू. ओलसर भुसभुशीत मातीत, दगड-कचऱ्याखाली साबुदाण्यासारखे पिवळसर पांढरे पुंजके दिसतात. ते नष्ट करावेत. उसाच्या बारमाही ओलीमुळे शेजारचे बांध विशेष पाहावेत व गवत-कचरा काढून स्वच्छ ठेवावेत.

४) हातमोजे किंवा चिमटा वापरल्याशिवाय शंखीला हात लावू नये. तिच्या अंगात माणसाच्या मेंदूला इजा करणारे कृमी असू शकतात. पोराबाळांना वेचायला पाठवू नये. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या वापरायच्या झाल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापराव्यात व गुरे, कुत्री, कोंबड्या दूर ठेवाव्यात.

एकट्याने शेत साफ करून भागत नाही. शेजारच्या बांधावर अंडी राहिली तर पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तीच गत. म्हणून पेरणीआधीच शिवारातल्या सर्वांनी मिळून दिवस ठरवावा आणि प्रादुर्भाव दिसताच आपल्या गटातील चिटबॉयमार्फत शेतकी खात्यास कळवावे. सहकार फक्त गव्हाणीपुरता नाही, तो बांधावरही हवा.