शब्दकोडे आणि आजाराचे नाव

"रोज शब्दकोडे सोडविल्याने म्हातारपणी स्मरणशक्ती शाबूत राहते काय?" असा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी पत्राने विचारला आहे. उत्तर थोडक्यात देतो. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे १९३६ साली जन्मलेल्या सुमारे ५०० जणांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धीला ताण देणारे छंद जोपासणाऱ्यांची बौद्धिक क्षमता मुळात वरच्या पातळीवर होती. पण वयानुसार होणारी घसरण त्या छंदांमुळे मंदावली, असे आढळले नाही. तेव्हा गुरुजींनी कोडी जरूर सोडवावीत, ती आनंदासाठी. रक्तदाब, मधुमेह आणि कानाने कमी ऐकू येणे यांकडे मात्र कोड्यांच्या भरवशावर दुर्लक्ष करू नये.

विषय निघालाच आहे, तर मला सोडवावे लागलेल्या सर्वांत अवघड कोड्याची हकीकत सांगतो. ती आरोग्याच्या सदरात का, हे पुढे कळेलच.

आपल्या वर्तमानपत्रांतील शब्दकोडी बहुधा सरळ असतात. 'हात' दिले की 'कर' लिहायचे. इंग्रजीत मात्र गूढ शब्दकोड्यांचा एक प्रकार आहे. त्यात सूचक वाक्य दिसते एक आणि सांगते दुसरेच. मराठीत करून दाखवायचे तर असे : "साखर वाटीत दडले शिऱ्याचे साहित्य, दोन अक्षरे." वाचणारा साखरेत अडकतो. पण 'साखर वाटीत' ही अक्षरे सलग वाचा, मधोमध 'रवा' आहे. उत्तर डोळ्यांसमोर असते. वाक्याचा वरवरचा अर्थ सोडून दिल्याशिवाय ते दिसत नाही.

या प्रकारातला मोठा माणूस म्हणजे इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम. 'द गार्डियन' या दैनिकात ते १९५८ पासून कोडी रचत आणि पुढे 'अरॉकेरिया' या टोपणनावाने ओळखले जात. ते एका झाडाचे नाव. त्याच्या एका जातीला इंग्रजीत 'माकडाचे कोडे' म्हणतात, माकडालाही चढायला जमू नये असे काटेरी झाड! जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांचे एक कोडे 'गार्डियन'मध्ये छापून आले. वर सूचना होती. तिचा आशय असा : अरॉकेरियाला १९ चा १८ उभा झाला आहे आणि त्यावर १३-१५ हा उपचार चालू आहे. महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाच्या जागी नुसता आकडा.

इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ असलेल्या माझ्या एका मित्राने त्या कोड्याचे कात्रण मला उत्तरांशिवाय पाठविले. मला या कोड्यांचा थोडाफार सराव आहे. तरी पहिल्या संध्याकाळी चारच शब्द सुटले, त्यांतला एक चुकलेला. चुकलेला शब्द फार घात करतो. त्याच्या अक्षरांवर आपण पुढचे इमले बांधतो आणि त्याच्यावर संशय घ्यायचे मनात येत नाही. निदान करताना डॉक्टरचेही असेच होते. तो खोडला तेव्हा गाडे हलले.

दुसऱ्या दिवशी 'स्टेंट' हा शब्द निघाला. मी लगेच ठरविले, हृदय! स्टेंट म्हटले की आपल्या मनात हृदयाच्याच रक्तवाहिन्या येतात. पण १९ ला इंग्रजी हिज्ज्याची दहा अक्षरे हवी होती. मग 'एंडोस्कोपी' सुटली, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आणि हृदय बाद झाले. दुर्बीण आणि स्टेंट एकत्र कुठे येतात? इसोफेगस. अन्ननलिका. ब्रिटिश हिज्ज्याप्रमाणे बरोबर दहा अक्षरे. त्यानंतर १८ उभ्याची सहा अक्षरे कोणती हे वेगळे शोधावे लागले नाही. कॅन्सर लिहिताना पेन्सिल जड झाली, एवढे सांगतो.

खरा अडलो तो पुढेच. १३ ला दहा अक्षरे, १५ ला चार. केमोथेरपी बसेना. रेडिओथेरपी बसेना. 'सर्जरी' घालून पाहिले, तेही जमेना. दोन दिवस मी बरे करणारे उपचारच चौकटींत कोंबत राहिलो. तिसऱ्या रात्री उत्तर सुचले : पॅलिएटिव्ह केअर. इतकी वर्षे रोगी तपासणाऱ्या माणसाला हे दोन शब्द सर्वांत शेवटी आठवावेत याची मला लाज वाटली, ती आजही वाटते.

आपल्या आजाराची बातमी अशी सांगणे ग्रॅहॅम यांना अगदी स्वाभाविक वाटले होते. त्या कोड्यात 'सूर्यास्त' हाही शब्द होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते गेले.

त्याच महिन्यात माझ्याकडे एक गृहस्थ आले. वय अडुसष्ट, एस.टी.त कंडक्टर होते, तंबाखूची सवय जुनी. भाकरीचा घास छातीत अडकतो, पाणी प्यायले की उतरतो, ही तक्रार तीन महिन्यांची. वजन नऊ किलो घटलेले. आधी भाकरी, मग भात, मग पातळ पदार्थ अडकू लागणे ही अन्ननलिकेच्या कॅन्सरची ठरलेली वाट आहे. म्हणून घास वारंवार अडकत असेल तर 'पित्त असेल' म्हणून महिनोन् महिने सोडा पीत बसू नये, दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्यावी. यांची तपासणी झाली, तुकड्याचा अहवाल आला. रोग यकृतापर्यंत पोचलेला होता.

अहवाल घेऊन मोठा मुलगा एकटाच केबिनमध्ये आला. "डॉक्टरसाहेब, आण्णांना काही सांगू नका. नुसती सूज आहे म्हणा. खचतील." अशी विनंती मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकावी लागते. तिच्यामागे मायाच असते आणि मी पूर्वी ती मान्यही करीत असे. त्या दिवशी मी म्हटले, "खोटे मी बोलणार नाही. विचारले नाही तर लादणारही नाही. पण त्यांना विचारू तरी द्या."

आण्णांना एकट्याला आत बोलावले. "आण्णा, आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे?" ते हसले. "डॉक्टर, सूज असती तर थोरल्याने फाईल पिशवीत उलटी घालून आणली असती का? सूनबाई ओट्यावर फोन घेते, मी आलो की बंद करते. मुंबईची बहीण न कळवता येऊन गेली. नाव मला कळलंय. पुढं काय ते सांगा."

सांगितले. गाठ काढता येणार नाही, पण नळीत स्टेंट बसवून वाट मोकळी करता येईल, पेज आणि मऊ भात खाता येईल. भाकरीचा तुकडा मात्र नाही. दुखले तर मॉर्फिन आहे. वाचकांनी हे नाव ऐकून दचकू नये. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली तोंडाने दिलेल्या मॉर्फिनने सहसा व्यसन लागत नाही. बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध सोबत द्यावे लागते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिन मिळण्यातील परवान्यांची गुंतागुंत कमी करण्यात आली.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता काही करण्यासारखे नाही' असे नव्हे. वेदना, उलट्या, धाप, झोप, भीती आणि घरच्यांची दमछाक या सर्वांवर केलेला तो उपचार आहे आणि तो मूळ उपचारांच्या जोडीने पहिल्यापासून चालतो. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण घेऊन झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना ही सेवा निदान होताच मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेलेच. शिवाय ते सरासरीने अडीच महिन्यांहून अधिक काळ जगले. आपल्याकडेही वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून हे काम करीत आले आहे, आणि टाटा रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. चौकशी लवकर करावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे.

आण्णांनी तीनच प्रश्न विचारले. दुखेल का, किती दिवस, आणि जमिनीचे कागद करायला तहसील कचेरीत जाता येईल का. पहिल्याला मी "दुखू देणार नाही यासाठी शक्य ते सगळे करू" म्हटले, दुसऱ्याला "महिन्यांत मोजावे लागेल" आणि तिसऱ्याला "स्टेंट बसला की पुढच्याच आठवड्यात जा."

बाहेर बाकावर मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याच्या शेजारी बसून आण्णाच त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिले. पुढच्या खेपेला दोघे आले तेव्हा फाईल आण्णांच्या हातात होती, सरळ धरलेली.