नोंदी, वर्ग आणि शोध
भोर व वेल्हे तालुक्यांच्या उदाहरणावरून संकेतस्थळाच्या वर्गीकरणाचा परिचय

शासकीय कामकाजात माहिती जमा करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर सापडणेही महत्त्वाचे होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवण्याचे कर्तव्य सोपविले आहे. आज ग्रामपंचायती, शाळा व कार्यालये यांची माहिती संकेतस्थळांवर येत आहे. तेथेही हे कर्तव्य सुटत नाही; केवळ त्याचे साधन बदलते. या साधनाची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुन्या दप्तरातील तत्त्व

महसुली दप्तराशी परिचय असलेल्यांना हा विषय अपरिचित वाटू नये. गाव नमुना सातमध्ये जमिनीची नोंद भूमापन क्रमांकानुसार असते, तर आठ-अ मध्ये तीच जमीन खातेदारानुसार मांडलेली असते. जमीन एकच, परंतु तिच्याकडे जाण्याच्या वाटा दोन. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणातही एकाच विषयाचे निरनिराळे पैलू वेगळे ओळखून त्यांची जुळणी करण्याची रीत आहे. संकेतस्थळावरील वर्गीकरणाचा पाया हाच आहे.

नोंदप्रकार आणि वर्ग

संकेतस्थळ चालविण्यासाठी जगभर वापरली जाणारी वर्डप्रेस ही प्रणाली २००३ साली सुरू झाली. ती मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहे. तीत 'पोस्ट' म्हणजे सामान्य लेख आणि 'पेज' म्हणजे स्थायी पान, हे दोन प्रकार मुळातच असतात. परंतु स्थळ, योजना, सूचना, शिबिर यांची माहिती लेखासारखी नसते. म्हणून आपल्या गरजेनुसार स्वतंत्र नोंदप्रकार निर्माण करण्याची पूर्ण सोय या प्रणालीत २०१० सालच्या ३.० या आवृत्तीपासून करण्यात आली. अशा नोंदींना स्वतःचे वर्गीकरणही जोडता येते.

उदाहरणादाखल 'स्थळ' हा नोंदप्रकार घेऊ. त्यास 'तालुका' आणि 'स्वरूप' अशी दोन वर्गीकरणे जोडू. राजगड व तोरणा हे किल्ले वेल्हे तालुक्यात येतात. रोहिडा व रायरेश्वर भोर तालुक्यात. भाटघर व नीरा-देवघर ही धरणे भोरमध्ये, तर पानशेत, वरसगाव व गुंजवणी ही वेल्हे तालुक्यात आहेत. या नऊ नोंदींना दोन्ही वर्ग नीट लावले, म्हणजे 'वेल्हे तालुक्यातील धरणे' असे विचारताच तीन नावे मिळतात. 'भोरमधील किल्ले' म्हणताच दोन मिळतात. नवी यादी हाताने करावी लागत नाही.

प्रश्न कसा विचारावा

प्रणालीस विचारावयाच्या प्रश्नास 'क्वेरी' असे म्हणतात. तीत चार गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात : कोणता नोंदप्रकार, कोणते वर्गीकरण, त्यातील कोणते वर्ग आणि किती नोंदी. यांपैकी प्रत्येक ठिकाणी एक चूक वारंवार आढळते.

पहिली चूक नोंदप्रकाराची. वर्डप्रेसच्या अंगभूत वर्गाचे पान वेगळी सूचना न दिल्यास केवळ सामान्य लेख दाखविते. समजा, 'सूचना' हा स्वतंत्र नोंदप्रकार केला आणि त्यास अंगभूत 'भोर' हा वर्ग लावला. तरीही भोरच्या पानावर ती सूचना दिसणार नाही. त्या पानाच्या क्वेरीत 'सूचना' हा प्रकार मुद्दाम समाविष्ट करावा लागतो. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे भोर-महाड मार्गावरील वरंध घाटातील वाहतूक अनेकदा बंद ठेवावी लागली आहे. अशी सूचना नोंदविली गेली, पण पानावर आली नाही, तर कागदोपत्री काम पूर्ण होते आणि प्रवासी मात्र घाटाच्या तोंडाशी जाऊन अडकतो.

दुसरी चूक वर्गीकरणाची. अंगभूत वर्गासाठी असलेली सोपी शोधपद्धत आपण निर्माण केलेल्या 'तालुका' या वर्गीकरणात शोध घेत नाही. त्यासाठी 'टॅक्स क्वेरी' नावाची व्यवस्था आहे. तीत वर्गीकरणाचे नाव आणि वर्ग, ही दोन्ही द्यावी लागतात.

तिसरी चूक 'आणि' या शब्दाची. 'भोर आणि वेल्हे तालुक्यांतील किल्ले' असे आपण सहज बोलतो. प्रणालीच्या दृष्टीने 'आणि' म्हणजे ज्या नोंदीस दोन्ही तालुके लावलेले आहेत तीच नोंद. असा किल्ला आपल्या यादीत एकही नाही. म्हणून उत्तर रिकामे येईल. येथे तालुक्यांमध्ये 'किंवा' हवा, आणि तालुका व स्वरूप यांच्यामध्ये 'आणि' हवा. मग चारही किल्ले मिळतात. गुंजवणीचे उदाहरण आणखी बोधप्रद आहे. धरण वेल्ह्यात, परंतु प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात भोर व पुरंदर हे तालुकेही येतात. म्हणून 'स्थान' आणि 'लाभक्षेत्र' ही वर्गीकरणे निराळी ठेवणे इष्ट.

चौथी चूक संख्येची. मूळ व्यवस्थेत एका पानावर दहाच नोंदी दिसतात. अकराव्या गावाचे नाव यादीत नाही, म्हणजे त्या गावास योजना लागू नाही, असा समज वाचकाचा होऊ शकतो. यादी पूर्ण हवी असल्यास ती मर्यादा काढावी, अथवा पुढील पानाचा दुवा ठळक द्यावा.

नाव बदलते, क्रमांक टिकतो

वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. या लेखात दीर्घकाळ रूढ असलेले नाव वापरले आहे. परंतु नामांतराचा प्रश्न वर्गीकरणात नेमका कसा हाताळावा, हे पाहण्यासारखे आहे. प्रत्येक वर्गास एक क्रमांक, एक सांकेतिक नाव आणि एक दर्शनी नाव असते. क्वेरी दर्शनी नावावर बेतलेली असेल, तर नाव बदलताच ती निष्फळ ठरते. क्रमांकावर बेतलेली असेल, तर ती पूर्ववत चालते. 'राजगड' असा नवा वर्ग उघडून जुना तसाच ठेवल्यास नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात. म्हणून नवा वर्ग न उघडता जुन्या वर्गाचे दर्शनी नाव बदलावे. 'वेल्हे' व 'वेल्हा' अशा दोन रूपांनीही हीच फूट पडते. राजगड हे किल्ल्याचेही नाव असल्याने तालुका व स्थळ यांतील भेद अधिक काटेकोरपणे राखावा लागेल.

कार्यालयांनी काय करावे

वर्गांची यादी प्रथम कागदावर निश्चित करावी आणि नवा वर्ग उघडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. गावांची नावे अधिकृत यादीप्रमाणेच लिहावीत. महिन्यातून एकदा प्रत्येक वर्गातील नोंदींची संख्या मूळ नोंदवहीशी ताडून पाहावी. हे काम संगणकतज्ज्ञाचे नव्हे. गावाची माहिती असणाऱ्या ग्रामसेवकाचे, शिक्षकाचे व पंचायत सदस्याचे आहे. तज्ज्ञ क्वेरी लिहून देईल, परंतु कोणते गाव वगळले गेले, हे त्यास कळणार नाही. सह्याद्रीच्या कुशीतील दूरच्या वाडीवरून तालुक्याच्या ठिकाणी येणे पावसाळ्यात सोपे नसते. त्या वाडीतील माणसास घरबसल्या आपल्या गावाची माहिती संपूर्ण मिळाली, तरच या सर्व व्यवस्थेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.